काका, भाकरी खाता का?

आपण घास गिळतो तेव्हा सेकंदभराच्या आत घशात बरंच काही उरकतं. जीभ घास मागे लोटते, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाची वाट मिटते, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, वर रेडिएशन दिलं, की यातलं काहीतरी बिनसतं. लाळ आटते, जबडा पुरता उघडत नाही, स्नायू ताठरतात. काहींना हा ताठरपणा उपचार संपून कैक वर्षांनी जाणवू लागतो.

हे मोजायचं कसं? बेरियम कालवलेला घास देऊन तो उतरताना एक्स-रेची फिल्म घेता येते, किंवा नाकातून दुर्बीण घालून पाहता येतं. घास श्वासनलिकेत शिरतोय का, यासाठी १९९६पासून आठ पायऱ्यांचं मापही आहे. याहून स्वस्त मार्ग म्हणजे खुद्द रुग्णाला विचारणं. फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे मान कमी, त्यामुळे तो मागे पडतो.

विचारायचीही शिस्त असते. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरच्या नावाची, २००१ साली प्रसिद्ध झालेली ‘एमडीएडीआय’ ही वीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. गुण २० ते १००, जास्त तितके चांगले. त्यात ठसक्याबद्दल प्रश्न आहे, तसाच चारचौघांत जेवायच्या संकोचाबद्दल आहे आणि बुडालेल्या कमाईबद्दलही. २००८ची ‘ईएटी-१०’ दहाच प्रश्नांची. तिथे मात्र उलटा हिशेब: ४०पैकी ३ गुण झाले तरी पुढची तपासणी करायची.

फिल्म आणि प्रश्नावली यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. काहींच्या घशाची संवेदनाच बोथट झालेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतच नाही, आणि माणूस मनापासून ‘बरं आहे’ म्हणतो. दुसऱ्याची फिल्म ठीकठाक, पण तो लग्नाच्या पंगतीला जायचं सोडून बसलेला. म्हणून काही डॉक्टर रुग्णाच्या सांगण्याला कच्चा पुरावा समजतात. मला ते पटत नाही. फिल्म घशाचं सांगते, प्रश्नावली जगण्याचं.

ब्रिटन-आयर्लंडमधली ‘डार्स’ चाचणी पाहा. निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. घशाच्या कॅन्सरचे ११२ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचं रेडिएशन, निम्म्यांना गिळण्याच्या स्नायूंवरचा मारा बेताने कमी केलेलं. आपल्या वाट्याला कोणतं आलंय, हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षाने एमडीएडीआयचे सरासरी गुण नव्या पद्धतीत ७७.७ भरले, जुनीत ७०.६. यंत्राची आखणी बरोबर की चूक, याचा मुख्य निवाडा इथे रुग्णाच्या उत्तरांवर सोपवला होता.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्यापायी गालाचे आणि जिभेचे कॅन्सर फार, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. मापंही आपल्या ताटाला लागू पडायला हवीत. आहार किती पूर्वपदावर आला हे ठरवणाऱ्या एका जुन्या अमेरिकी मोजपट्टीत कोरडा पाव, गाजर-सेलरी, मांस, शेंगदाणे अशा चढत्या पायऱ्या आहेत. माळकऱ्याने मांसाची पायरी कशी चढायची? आणि ज्वारीची भाकरी कुठे बसवायची?

ओपीडीत आम्ही विचारतो, ‘काका, गिळायला त्रास होतो का?’ काकांच्या आधी सूनबाई सांगतात, ‘नाही हो, सगळं खातात.’ सगळं म्हणजे सकाळी पेज, दुपारी वरणात कालवलेला मऊ भात, रात्री पुन्हा तोच. भाकरी? ‘ती सोडली. आता आठवणही येत नाही,’ काका म्हणतात. भाताला किती वेळ लागतो? आता सूनबाई जरा थांबतात. वरण मध्ये दोनदा गरम करून द्यावं लागतं, म्हणतात. यात लपवाछपवी कुणाचीच नाही. जे अवघड ते ताटातून गेलं, उरलेलं सोपं. मग त्रास कसला?

म्हणून प्रश्नावली काकांच्याच हातात द्यायची. वाचता येत नसेल तर घरच्यांना बाहेर बसवून कुणीतरी वाचून दाखवायची, पण उत्तर सुचवायचं नाही. आणि पहिल्यांदा ती भरून घ्यायची उपचार सुरू होण्याआधी, काका अजून भाकरी खात असतील तेव्हा. नाहीतर वर्षाने आलेले गुण ताडून पाहायचे कशाशी?