वंशावळ कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी, वंशावळीच्या वहीचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण)



 दुपार झाली आहे, पलीकडे भाताची टोपे उतरली आहेत, तेव्हा लांबण लावणार नाही.

वाडीत आम्हाला हल्ली ‘वहीवाले’ म्हणतात. आम्ही अंगणात पाय ठेवला की घरातून आवाज येतो, “आले वहीवाले, आता खापरपणज्यापर्यंत नेतील!” ही थट्टा आम्हाला गोड वाटते. पण थट्टेच्या मागे एक प्रश्न असतो आणि तो खरा आहे. गेल्या वर्षी याच मंडपात एका तरुणाने तो उभे राहून विचारला. तो म्हणाला, “१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. जन्मावरून माणसाची किंमत करणारी व्यवस्था आपण टाकली. मग आता वंश, कूळ, घराणे हे मागल्या दाराने परत घरात कशाला आणता?” त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

कुळाची पुस्तके कोकणाला नवी नाहीत. गोखले, पेंडसे अशा घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले, जाडजूड ग्रंथ केले. त्यामागे कष्ट होते, हे मान्य केले पाहिजे. घाटावर हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या वह्या सांभाळतात आणि दारात येऊन तुमच्या पूर्वजांची नावे वाचून दाखवतात. आमच्या वाडीत असा कोणी वही घेऊन आला नाही. आणि गंमत बघा, जुन्या काळी गावाच्या शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची काढत. कुठल्या दगडापासून कुठल्या ओढ्यापर्यंत गाव, हे त्याला तोंडपाठ. कोणाच्या घरी माणूस गेले तर सांगावा घेऊन गावोगाव धावणारा तोच. साऱ्या गावाची आठवण ज्याने वागवली, त्याच्या स्वतःच्या घराची आठवण मात्र कोणी कागदावर उतरवली नाही.

मग कुठेच नावे नाहीत का? आहेत. पुणे जिल्ह्यात भीमा कोरेगावचा स्तंभ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्या कंपनी सरकारच्या सैनिकांची ४९ नावे त्यावर आहेत, त्यांतली २२ नावे शेवटी ‘नाक’ असलेली, म्हणजे आपल्या माणसांची. ‘नाक’ हा त्या काळी महारांच्या नावाला लागणारा प्रत्यय. लढले आणि मेले म्हणून त्यांची नावे दगडावर आली. जे शेतात राबले, खोताच्या वेठीला गेले, ज्या बायांनी दुसऱ्यांच्या भाताची लावणी केली, त्यांची नावे कुठे आहेत?

तेव्हा आमचे पहिले उत्तर हे की, कुळाचा बडेजाव करण्यासाठी ही वही नाही. ज्यांची कधी मोजदाद झाली नाही, त्यांची नावानिशी नोंद व्हावी म्हणून ही वही आहे.

दुसरे उत्तर रोकडे आहे. या कामाला सुरुवातच त्यातून झाली. वाडीतल्या एका मुलीला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला होता. जातीच्या दाखल्याची पडताळणी आली. आता अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो आणि सोबत शपथेवर वंशावळ लिहून द्यावी लागते. मुलीच्या दाखल्यावर धर्म बौद्ध, वडिलांचे आडनाव वेगळे. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात त्यांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि आडनावाच्या जागी नुसते ‘महार’. हे आजोबा आणि ही नात एकाच घरातली, हे सिद्ध कसे करायचे? घरात कोणाला पणजोबाचे नाव धड सांगता येईना. एक काका म्हणे राघू, आत्या म्हणे रामा. मुलगी रडकुंडीला आली. शेवटी जमिनीच्या वारसनोंदीचा एक जुना फेरफार मिळाला. त्यात बाप, लेक आणि नातू तिघांची नावे एका ओळीत होती. प्रवेशाची मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना तिचे काम झाले. त्या रात्री आम्ही चार-पाच जण याच विहाराच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, प्रत्येक लेकराची अशी परीक्षा कशाला? आधीच लिहून ठेवू.

हा तुटलेला दुवा एका घरापुरता नाही. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ ला ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. केवढी मोठी क्रांती! पण कागदाच्या दृष्टीने बघा. आजा एका नावाने नोंदलेला, नातू दुसऱ्या. बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचे हक्क मिळायला १९९० चा कायदा यावा लागला. म्हणजे धर्म बदलला तरी हक्कासाठी जुना कागद लागतोच. जात आपण मनातून काढली, पण जातीमुळे झालेला अन्याय कागदावर शाबीत करावा लागतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि आपण ते न लाजता सांभाळले पाहिजे.

एका नोंदीचे मोल किती असते, हे खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यात पाहा. आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे त्यांचे मूळ गाव, घराण्याचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी पलटणीत, वडील रामजी सुभेदार. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली, अनुक्रमांक १९१४. आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ते रजिस्टर कोणी रद्दीत घातले असते तर? तुमच्या-आमच्या आजोबांची रजिस्टरेही अशीच कुठल्यातरी कपाटात आहेत आणि वाळवी कोणाचे नाव विचारत नाही.

आता काम कसे चालते ते सांगतो. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक काका, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आणि मोबाईलवर झटपट फोटो काढणारा एक पोरगा. पगार नाही, भत्ता नाही, चहा मात्र प्रत्येक घरात. लावणीच्या दिवसांत कोणाला फुरसत नसते, तेव्हा वही बंद. शिमग्याला, मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेला चाकरमानी आले की काम जोरात. मुंबईत रविवारी गावकीच्या खोलीवर बसतो, कारण निम्मी वाडी तर तिकडेच आहे.

आम्ही आधी जिवंत माणसापासून सुरू करतो आणि एकेक पायरी मागे जातो. शाळा सोडल्याचा दाखला, शाळेचे जनरल रजिस्टर, गावच्या जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, सातबारा, फेरफार, पलटणीच्या पेन्शनीचे कागद, गिरणीतले ओळखपत्र, जुन्या मतदारयाद्या, लग्नपत्रिका. आणि सगळ्यांत उपयोगी काय पडते सांगू? जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिका! त्यात मुलगे, सुना, लेकी, जावई, नातवंडे सगळ्यांची नावे ओळीने छापलेली असतात. आपण त्या वाचतो आणि चुलीत घालतो. कृपा करून घालू नका, आम्हाला द्या.

आमच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. पहिली चूक मोठी होती. कुलवृत्तांताचे पुस्तक समोर ठेवून आम्ही तसेच तक्ते काढले, म्हणजे बाप, मुलगा, नातू, पणतू. बायांचे नावच नाही! एका म्हाताऱ्या आजीच्या घरी तक्ता वाचून दाखवला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाप्यांना काय बाप्यांनी जन्म दिला? माज्या सासूचं नाव पन लिवा. तिला कुनी कदी इचारलंच नाय.” आम्ही मान खाली घातली. सासूचे नाव त्यांनी सांगितले, माहेरचे गाव सांगितले, सासूच्या आईचेही नाव सांगितले. एका बैठकीत तीन बाया वहीत आल्या. बाबासाहेबांची आई भीमाबाई मुरबाडकरांची लेक, त्यांना सांभाळणारी आत्या मीराबाई, माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या, हे आपण भाषणात सांगतो. मग आपल्या घरच्या भीमाबाई, रमाई कुठे गेल्या? त्या दिवसापासून नियम केला की, आईचे नाव आणि तिचे माहेर लिहिल्याशिवाय पान पुरे होणार नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकींचेही पान असणार. त्या आजी आता आपल्यात नाहीत. पण त्यांच्या सासूचे नाव वहीत आहे.

दुसरी चूक म्हणजे वहीची एकच प्रत ठेवली. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ केळशीने कसे सोसले, हे तुम्हाला सांगायला नको. पत्रे उडाले, कौले गेली, माड आडवे झाले. ज्या घरात वही होती त्या घरावर छप्पर उरले नाही. पाने वाळवली, पण शाईची अक्षरे वाहून गेली होती. अर्धी वही पुन्हा लिहावी लागली आणि ज्यांनी सांगितले होते त्यांतले काही पुन्हा सांगायला राहिले नव्हते. आता तीन प्रती असतात. एक विहारात, एक मुंबईला, एक कार्यकर्त्याकडे, शिवाय मोबाईलवर फोटो.

काही घरांत आम्हाला संशयाने पाहिले गेले. “जमिनीच्या वाटपासाठी चालले आहे का?” असे विचारले गेले. म्हणून सर्वांसमोर सांगतो. वहीत जमीन, पैसा, भांडण, आजार यांची नोंद होत नाही. घरातले दुसरे लग्न असो, दत्तक असो, घरच्यांच्या संमतीशिवाय आम्ही लिहीत नाही. जिवंत माणसाची जन्मतारीख दुसऱ्याला दाखवत नाही. आणि ज्याचा पुरावा नाही, नुसते कोणी सांगितले आहे, त्यापुढे ‘सांगोवांगी’ असे लिहितो. मोठेपणासाठी एकही पिढी आम्ही पदरची घातलेली नाही. खोटा पूर्वज मिळण्यापेक्षा कोरी जागा बरी.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे शेवटचे वळतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण पाळतो, पाळणारच. पण बघा, श्राद्धाच्या निमित्ताने इतर घरांत वर्षातून एकदा तरी बाप, आजा, पणजा यांची नावे घेतली जातात. आपण पिंड सोडला, त्यात काही चुकले नाही. पण पिंडाबरोबर नावेही विसरायची असे कुठे सांगितले आहे? कावळ्याची वाट न पाहता, भटाला दक्षिणा न देता, ज्यांच्या घामावर आपण उभे आहोत त्यांची नावे घेणे, याला कृतज्ञता म्हणतात. आणि कृतज्ञता ही धम्माच्या बाहेरची गोष्ट नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. एक, घरी गेल्यावर पत्र्याची पेटी उघडा आणि जुने कागद दाखवा. आम्ही ते नेणार नाही, तिथेच फोटो काढू. दोन, घरात जे सर्वांत वयस्कर माणूस आहे त्याच्यापाशी आज संध्याकाळी बसा आणि त्याच्या आईचे नाव विचारा. उद्यावर टाकू नका. तीन, आम्हाला आणखी हात हवेत. गुरुजींची नजर आता मंदावली आहे, मोडी वाचणारे तर आमच्यात कोणीच नाही. तरुणांनी यावे. ज्याने प्रश्न विचारला त्याने तर आधी यावे, कारण प्रश्न विचारणाराच वही प्रामाणिक ठेवतो.

पुढच्या वर्धापनदिनी, वंदना झाल्यावर, या वहीतली नावे मोठ्याने वाचावीत असा आमचा विचार आहे. बाप्यांची आणि बायांचीही. कोणाच्या घरातले नाव राहून गेले असे त्या दिवशी होऊ नये, एवढेच मागणे आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!