संगणकातील संगणक : निर्भयपणे शिकण्याचे साधन
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात, पंचवटी येथे केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर आणि नोकरीने बँकेतील लिपिक. तरीही आज संगणकावर बोलणार आहे. कारण संगणक हा केवळ विज्ञान शाखेचा प्रांत आहे, असे आपल्या मुलांनी मानू नये.

आपल्या बहुतेक घरांत संगणक असलाच तर एकच असतो. मुलांचा अभ्यास, वडिलांचे अर्ज, ताईचे टायपिंग, सारे त्याच्यावरच. म्हणून 'हात लावू नकोस, बिघडेल' हे वाक्य मुलांच्या कानी सतत पडते. ज्याच्या घरी दोन-तीन संगणक आहेत, तो एखादा उघडून, मोडून शिकतो. आपला मुलगा दुरूनच पाहतो. हा फरक बुद्धीचा नाही, साधनांचा आहे. तो कमी करण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग म्हणजे आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन.

ही कल्पना जुनी आहे. संगणक खोलीभर मोठे आणि फार महाग होते, त्या काळी एकाच यंत्रावर अनेकांना स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे काम करता यावे, यासाठी आयबीएम कंपनीने 1972 साली व्हीएम/370 ही प्रणाली आणली. आज तेच काम घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर करते. मूळ संगणक हा यजमान आणि आतला आभासी संगणक हा पाहुणा, असे समजा.

पाहुण्याला स्वतःची कार्यप्रणाली लागते. विंडोज टाकायची तर तिचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. म्हणून 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, घ्यावी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने ती 2007 साली प्रथम दिली. ती लिनक्सवर आधारलेली असून तिच्यात मराठीतून काम करता येते. 2024 साली आलेल्या तिच्या दहाव्या आवृत्तीचे नाव 'प्रज्ञा' आहे, हे आपणा सर्वांना विशेष आवडावे!

आता कृती सांगतो. प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन तयार करावे. यजमानाकडे आठ जीबी मेमरी असेल तर पाहुण्याला निम्म्याहून जास्त देऊ नये. नाहीतर दोघेही उपाशी राहतात. चाळीस जीबीची आभासी डिस्क द्यावी, 'बॉस'ची आयएसओ फाइल जोडावी आणि मशीन सुरू करावे.

पुढे 'डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल' अशी सूचना येते. इथेच मुले घाबरतात. पण पुसली जाते ती आभासी डिस्क, आणि ती म्हणजे यजमानाकडील एक फाइल. वडिलांचे कागदपत्र जागच्या जागी राहतात. प्रणाली बसल्यावर आयएसओ काढून टाकावी आणि लगेच 'स्नॅपशॉट' घ्यावा. नंतर काहीही बिघडले तरी त्या स्थितीला परत येता येते. दहा वेळा मोडा, दहा वेळा उभे करा.

मात्र मर्यादाही ध्यानात ठेवा. पाहुणा थोडा संथ चालतो. यजमानाची हार्ड डिस्क गेली तर पाहुणाही जातो, म्हणून महत्त्वाच्या कामाची प्रत बाहेर ठेवावी. सामायिक फोल्डर जोडले असेल, तर त्यातील पुसलेली फाइल खरोखरच जाते. शिवाय 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपल्यामुळे अनेकजण जुन्या संगणकावर लिनक्स टाकण्याचा विचार करतात. त्याचा सराव इथे होईल. पण वाय-फाय आणि प्रिंटर चालतील का, हे प्रत्यक्ष यंत्रावर पेनड्राइव्हने सुरू करूनच कळेल.

मित्रहो, याच पंचवटीत 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ते दार दुसऱ्यांनी बंद केले होते. आज संगणकाच्या ज्ञानाचे दार पुष्कळदा आपल्याच भीतीने बंद राहते. आपल्या अभ्यासिकेतील संगणकावर प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्यासाठी एक आभासी संगणक उभारावा, अशी संस्थेला नम्र विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!