नाव आपलं, नंबरही आपला

(पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुली आणि स्त्री-गटांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



पदवी हातात पडली की आजकाल पहिला प्रश्न येतो, 'लिंक्डइनवर आहेस का?' नोकरी देणारा अर्ज वाचण्याआधी तुमचं नाव इंटरनेटवर शोधतो. म्हणजे आपण तिथे दिसायला हवं. घरात मात्र नेमकं उलटं सांगितलेलं असतं : फोटो टाकू नकोस, पूर्ण नाव लिहू नकोस, अनोळखी माणसाला उत्तर देऊ नकोस. या दोन्हींच्या कात्रीत मुलगी सापडते. आज त्याबद्दलच बोलू.

सुरुवात फोनपासून करू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरायला मोबाईल आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया होत्या ५४ टक्के. अनेक मुलींचं खातं वडिलांच्या नाहीतर भावाच्या नंबरावर उघडलेलं असतं. ओटीपी त्यांच्याकडे जातो, मुलाखतीचा फोनही त्यांनाच येतो. 'लांबची नोकरी आहे, नको,' असं परस्पर सांगून टाकलं तर मुलीला पत्ताही लागत नाही. पुढे लग्न होतं, नंबर बदलतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. खात्याची किल्ली गेली, की त्यातल्या ओळखी आणि केलेल्या कामाची नोंदही गेली. म्हणून पहिलं काम हे : सिमकार्ड आपल्या नावाचं, ई-मेल आपला, पासवर्ड आपल्यापाशी.

दुसरं, नाव. पदवीवर आहे तेच नाव ठेवा. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. दहा वर्षांचं काम एका नावावर साठतं. मध्येच नाव बदललं, तर शोधणाऱ्याला आधीची बाई सापडत नाही.

तिसरं, काय लिहायचं? बहुतेक जणी लिहितात, 'अनुभव नाही.' जनगणनेत घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' ठरते, म्हणून आपण किती भांडलो! तोच शिक्का आपण आपल्या हाताने मारून घेतो. वडिलांच्या दुकानाचा हिशेब तीन वर्षं ठेवलात? बचत गटाच्या वह्या लिहिल्यात? तो अनुभव आहे. काय केलं, किती दिवस, कशासाठी, हे साध्या वाक्यांत लिहा. 'मेहनती, प्रामाणिक' असली विशेषणं कुणी वाचत नाही. केलेल्या कामाचा एखादा नमुना जोडा. तो दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतो.

काय लिहायचं नाही तेही ऐका. घरचा पत्ता, जन्मतारीख, आधारकार्डाचा फोटो, लग्न झालं की नाही, यातलं काहीही तिथे लागत नाही. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा ठग समजावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पण सगळी जबाबदारी मुलींवर टाकून चालणार नाही. अर्ज निवडण्यासाठी अॅमेझॉन कंपनीने एक संगणकीय यंत्रणा तयार केली होती. मागच्या दहा वर्षांचे, बहुतांशी पुरुषांचे, अर्ज तिला शिकवले गेले. 'स्त्रियांचा बुद्धिबळ क्लब' अशा उल्लेखातला 'स्त्रियांचा' हा शब्द दिसला की ती अर्ज खाली ढकलू लागली. २०१८ साली हे बाहेर आलं, तोवर कंपनीने तो प्रयोग गुंडाळला होता. त्या मुलींच्या अर्जात काय चुकलं होतं?

आणि भीती खरी आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. स्वतःच्या नावाने बोलत होत्या, हाच त्यांचा गुन्हा. पहिल्या प्रकरणात सहा महिने कुणालाही अटक झाली नाही. दुसऱ्यांदा तेच घडलं, बायकांनी पुन्हा तक्रारी केल्या, तेव्हा अटकसत्र सुरू झालं. त्या गप्प बसल्या असत्या तर?

कायदा आपल्या बाजूला आहे, तो माहीत असायला हवा. बाईने नको म्हटल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली येतं. संदेश पुसू नका. तारखेसह त्यांचे फोटो काढून ठेवा आणि मग तक्रार करा.

गटांतल्या मैत्रिणींना माझं एक सांगणं आहे. आपण बायकांना बँकेत खाती उघडून दिली, शिधापत्रिकेवर नाव लावायला मदत केली. तसंच आता महिन्यातली एक दुपार या कामासाठी काढू या. मुलींनी आपापले फोन घेऊन यावं, एकमेकींची माहिती वाचावी, सुधारावी. कुणाला घाणेरडा संदेश आला तर तो तिने एकटीने वाचत बसू नये. दोघीतिघींनी सोबत पोलीस ठाण्यात जावं. 'फोटो काढून टाक, खातं बंद कर,' हा सल्ला आपल्याकडून तरी तिला मिळू नये.