विजेचे शस्त्र कोणी व केव्हा उगारावे?

विजेचा धक्का देऊन माणसाला जागीच खिळवणाऱ्या शस्त्राला 'अप्राणघातक' असे सौम्य विशेषण लावले जाते. परंतु ज्या शस्त्राने कोणी मरत नाही अशी समजूत असते, ते उगारताना हात कचरत नाही. खरा धोका तेथेच आहे.

14 ऑक्टोबर 2007 च्या पहाटे कॅनडातील व्हँकुव्हरच्या विमानतळावर काय घडले ते पाहावे. आईजवळ कायमचे राहण्यासाठी पोलंडहून आलेला चाळीस वर्षांचा एक गृहस्थ जवळजवळ दहा तास त्या इमारतीत अडकून पडला होता. इंग्रजी त्याला येत नव्हते. बाहेर वाट पाहणारी आई, तो येथे नाही असे ऐकून, अखेर घरी परतली होती. थकून सैरभैर झालेल्या त्या माणसाने एक संगणक व एक लहानसे टेबल आपटले. चार पोलीस आले आणि अर्धे मिनिट होते न होते तोच शस्त्र चालले. एकदा नव्हे, पाचदा. त्याच्या हाती होता कागद टाचण्याचा स्टेपलर! काही मिनिटांतच त्याचा प्राण गेला. दुभाष्या मात्र त्या दहा तासांत कोणी बोलावला नव्हता.

निवृत्त न्यायमूर्ती टॉमस ब्रेडवूड यांच्या चौकशीने 2010 साली हा वापर असमर्थनीय ठरविला. पुढे चौघांपैकी दोघे त्या चौकशीपुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरले. शारीरिक इजा होत असेल अथवा तत्काळ होणार असेल तेव्हाच हे शस्त्र वापरावे, असे ब्रेडवूड यांनी 2009 च्या अहवालातच सांगितले होते.

ते तर पोलीस होते. दुकानाच्या वा कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या खासगी रखवालदाराचे काय? ब्रिटनमध्ये 1968 च्या कायद्याने असे शस्त्र सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. आपल्याकडे 2005 च्या कायद्याने सुरक्षा संस्थांना परवाना सक्तीचा केला. परंतु गणवेश चढविल्याने रखवालदार पोलीस होत नाही. त्याला स्वसंरक्षणाचा हक्क आहे तो इतर नागरिकांएवढाच, आणि भारतीय न्याय संहिता, 2023 नुसार त्यात आवश्यकतेहून अधिक इजा करण्यास मुभा नाही. हुज्जत घालणे म्हणजे हल्ला नव्हे. सांगितलेले न ऐकणे, किंवा न समजणे, हाही नव्हे.

हृदय पुन्हा चालू करणारे यंत्र या शस्त्राजवळ असावे, असेही ब्रेडवूड यांनी सुचविले होते. रखवालदाराच्या हाती विजेचे शस्त्र देऊ पाहणाऱ्या मालकांपैकी किती जण त्या यंत्राची चौकशी करतात?