धुळीची नोंद आपल्याच वहीत
(तालुका मेळाव्यात झालेले भाषण)



सकाळपासून दाव्यांवर, पट्ट्यांवर बोलणं झालं. आता हवेवर बोलू. पट्टा हातात आला आणि त्याच जमिनीतल्या धानावर कोळशाची भुकटी बसली, तर तो पट्टा घेऊन काय करायचं?

2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला 100 पैकी 83.88, देशात चौथा नंबर. (शाळेत एवढे पडले असते तर पेढे वाटले असते.) 2010 मध्ये नव्या कारखान्यांवर काही काळ बंदीही आली. पण मोजणारं यंत्र आमच्या टोल्यावर कधी आलं नाही.

यंत्राची रीत समजून घ्या. ते हवा ओढतं, धूळ गाळणीच्या कागदावर बसते, कागद आधी आणि नंतर तोलतात. पीएम 10 या बारीक धुळीची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. वर्षाच्या सरासरीला आठवड्यातले दोन दिवस, म्हणजे वर्षात 104 दिवस मोजलं तरी चालतं. मग ते दोन दिवस कोणते? त्या दिवशी ट्रक किती गेले? हे कागदावर कोण लिहिणार? आपणच.

म्हणून ग्रामसभेची एक वही ठेवायची. ट्रक किती, रस्त्यावर पाणी मारलं का, वारा कोणीकडून, वेचलेल्या मोहात धूळ किती, फळीवर तेंदूचे पुडे का नाकारले, कोणाला दम लागला. रोज, तारखेसकट.

साहेब म्हणतील, तुमच्या चुलीचाच धूर आहे. चुलीचा धूर वाईटच, आमच्या बायांना तो भोवतो, हे आम्ही नाकारत नाही. पण चूल तळ्यावर काळा थर आणत नाही.

आणखी एक. दगडखाणीत काम केलेल्याला खोकला झाला की टीबीच्या गोळ्या देतात. थुंकीत टीबी नाही तरी देतात. दगडाच्या धुळीने फुप्फुस कडक होतं, तो सिलिकोसिस. तो त्या गोळ्यांनी जात नाही. डॉक्टरला आधी सांगा, कोणत्या खाणीत किती वर्षं काढली. वहीतही लिहा. हा कामाचा रोग आहे, भरपाई मागता येते.

वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला जंगल, पाणी, आपला अधिवास राखायचा अधिकार देतं. 1981 च्या हवा कायद्याचं कलम 43 सांगतं की 60 दिवसांची नोटीस देऊन कोणीही माणूस कोर्टात फिर्याद करू शकतो. नोटिशीला वही जोडायची आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं निदान महिनाभराची पानं भरून आणावीत.