आटपाडीच्या शिवारातले स्वतंत्रपूर

वाडी-वस्तीच्या नावांचा शोध घेत लांबून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आटपाडीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. खरसुंडीच्या सिद्धनाथाचा, खिलार जनावरांचा आणि अलीकडे डाळिंबांचा हा माणदेश. गदिमा, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात याच मातीतले. त्यांच्याविषयी आपल्याला मी काय सांगावे! मी सांगणार आहे ते शेजारच्या स्वतंत्रपूर या लहानशा वस्तीविषयी.

वाड्यांची नावे बहुधा आडनावावरून, देवावरून, नाहीतर एखाद्या झाडावरून पडतात आणि बोलता बोलता रुळतात. स्वतंत्रपूरचे तसे नाही. ते नाव जाणूनबुजून ठेवलेले आहे. तेही १९३९ साली, देश पारतंत्र्यात असताना आणि चक्क कैद्यांच्या वसाहतीला!

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याच वर्षी कारभार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. या कामात त्यांच्यासोबत मॉरिस फ्रीडमन होते. मूळचे पोलंडचे, पेशाने इंजिनिअर, गांधीविचाराने भारलेले. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेली ती यांनीच. खुनासारख्या गुन्ह्यातल्या माणसालाही भिंतीआड कोंडण्याऐवजी जमीन कसायला द्यावी, हा त्यांचा आग्रह राजेसाहेबांनी मानला.

वसाहतीला तट नाही. कैदी बायकामुलांसह राहतो, शेत कसतो, पिकवलेले विकतो. शांतारामबापूंचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला, लेखन गदिमांचे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, वसाहत मात्र टिकली. आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

मला या नावाचे मोल फार वाटते. बाप शिक्षा भोगत असला, तरी तिथल्या पोराला कुणी ‘कुठला रे तू?’ विचारले, तर ते ‘स्वतंत्रपूरचा’ असे सांगू शकते. मान खाली घालावी लागत नाही. उलट, आपल्या कितीतरी वस्त्यांना इतरांनी जात चिकटवली आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच पत्ता झाला. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने ही जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच. पण नवे नाव कचेरीत ठरू नये. पाटी रंगवण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, बायाबापड्यांना विचारले पाहिजे. या संमेलनात त्यावर नेटाने बोलावे, ही स्वागत समितीच्या वतीने माझी विनंती.

व्यवस्थेत काही उणे राहिले असेल तर सांभाळून घ्या. आता अध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत.