गाडी देखणी आहे, पण आपल्या कामाची आहे का?

कुणी चुलीपुढं असाल, कुणी कापसाच्या रानात, कुणी गटाच्या बैठकीला बसला असाल. जिथं असाल तिथून पंधरा मिनिटं कान इकडं द्या. आज मी गाडीबद्दल बोलणार आहे. घरच्या दुचाकीबद्दल नाही, गटासाठी घ्यायच्या चारचाकीबद्दल.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघाला तो एका नुकसानीमुळं. जालन्याला प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. पापड, शेवया, कारळाची चटणी, हळद असा माल उघड्या टेम्पोत भरला. राजूरच्या अलीकडं पाऊस आला, ताडपत्री एका बाजूनं सुटली आणि उडदाच्या पापडाचे दोन खोके भिजले. बारा बायांची चार दिवसांची मेहनत होती ती. टेम्पोवाल्याला तरी काय बोलणार? त्यानं भाडं घेतलं होतं गाडीचं, मालाचा जिम्मा त्यानं घेतलाच नव्हता. त्या रात्री एक सूनबाई म्हणाली, "ताई, आपली बंद गाडीच पाहिजे."

दुसऱ्या बैठकीत तिनं मोबाइलवर फोटो आणला. चकचकीत निळी व्हॅन, बाजूला सरकणारी दारं. पोरी खूश झाल्या. त्यावर गाडीच्या बाजूला गटाचं नाव कोणत्या रंगात लिहायचं, इथपर्यंत गोष्ट गेली. आमच्या एक मावशी तेवढ्या गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "तोंड बघून बैल घेत नसतात बाई. दात बघावे लागतात, चालवून बघावा लागतो." सगळ्या हसल्या, पण मला ते पटलं. मग आम्ही ठरवलं, एक महिना कुणीच शोरूमला जायचं नाही. आधी दात बघायचे.

या छोट्या व्हॅनची गोष्ट आपल्याकडं जुनी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्याच छोट्या कारचं ७९६ सीसीचं इंजिन घालून मारुती व्हॅन आली. तिचंच नाव पुढं ओम्नी पडलं. दिसायला पावाचा डबा, पण आत जागा मोठी, कारण इंजिन पुढं नाकात न ठेवता पुढच्या सीटखाली ठेवलं होतं. कुठं ती रुग्णवाहिका झाली, कुठं शाळेची गाडी, कुठं दूध-भाजीची. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा ओम्नी बंद झाली. तिच्या जातीची दुसरी व्हॅन, इको, २०१० पासून बाजारात आहे. तिला १२०० सीसीचं इंजिन आहे. बसायची वेगळी आणि मालाची वेगळी, अशी ती दोन्ही रूपात मिळते. दुसऱ्या बाजूला २००५ मध्ये टाटा एस आली. तिला आपण सगळे छोटा हत्ती म्हणतो. म्हणजे आपल्यापुढं दोन वाटा आहेत. एक बंद व्हॅन, एक उघडा छोटा हत्ती.

आता आमच्या बायांची मतं ऐका.

पापड-चटणीवाल्या म्हणतात, बंद व्हॅन. धूळ नाही, पाऊस नाही. खोके दोन्ही बाजूंनी चढवता येतात. पायरी खाली आहे, त्यामुळं बाईमाणसाला एकटीला माल उतरवता येतो.

मोसंबीवाल्या आणि भाजीवाल्या म्हणतात, छोटा हत्ती. मोसंबीचे क्रेट एकावर एक रचायचे तर छत आड येतं. बंद डब्यात मेथी-कोथिंबीर उन्हाळ्यात तापून पिवळी पडते. आणि सोयाबीनची पोती व्हॅनमध्ये भरली तर मागचं चाक बसतं.

दोघीही खऱ्या आहेत. म्हणून भांडायच्या ऐवजी आम्ही वही काढली. तीन महिने कोणता माल, किती वजनाचा, कुठं गेला आणि भाडं किती दिलं, ते लिहिलं. वहीनं सांगितलं ते वेगळंच. जड माल फक्त हंगामात असतो, वर्षाचे दोन-तीन महिने. हलका माल बाराही महिने, आठवड्याला दोन फेऱ्या. मग जड मालाला हंगामात छोटा हत्ती भाड्यानं आणायचा आणि रोजच्या कामाला व्हॅन, हे मावशींनाही पटलं.

पण तेवढ्यात मोठा प्रश्न निघाला. गाडीत माल न्यायचा की माणसं?

आमच्या गावाला मुक्कामी एसटी नाही. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण संध्याकाळी गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? आठवीच्या पुढच्या पोरींना घरी बसवलेलं मी डोळ्यानं पाहिलंय, का तर येताना अंधार पडतो. त्यामुळं अर्ध्या बाया म्हणाल्या, सात सीटची घ्या, सकाळी पोरी शाळेत सोडा, दुपारी मागच्या सीटवर खोके ठेवा.

ऐकायला हे सोपं वाटतं. कायद्यात ते सोपं नाही. नीट लक्ष द्या. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मालाची गाडी असेल आणि तिचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल, तर तिला परमिट लागत नाही. ही मोठी सोय आहे. पण त्या गाडीत भाड्यानं माणसं बसवता येत नाहीत. माणसांच्या गाडीला परमिट लागतं, शाळेच्या गाडीला त्याहून वेगळे नियम आहेत. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी आहे. म्हणून आधी काम ठरवा, मग गाडी ठरवा.

सुरक्षेबद्दलही स्पष्ट बोलते. व्हॅनचं नाक आखूड असतं. धडक बसली तर पुढच्या माणसाचे गुडघे आणि समोरची गाडी यांत फार अंतर नसतं. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं एअरबॅग नसलेली इको धडकवून तपासली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर पुढच्या एअरबॅगा कायद्यानं सक्तीच्या झाल्या. तेव्हा जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेताना एअरबॅग आहेत का, एवढं तरी विचाराच. आणि सात सीटच्या गाडीत पंधरा पोरं कोंबायची नाहीत. "जवळच तर जायचंय" हे वाक्य आपल्या तोंडातून काढून टाकू या.

बाळंतपणाचं म्हणाल तर १०२ आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट येते. आधी तिथंच फोन करा. गटाची गाडी म्हणजे दवाखाना नाही.

आता पैसा. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण साडेदहा हजारांचा हप्ता बसतो. त्यावर डिझेल-पेट्रोल, विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि चालवणारीचा पगार. हो, पगार. आपलीच बाई चालवते म्हणून फुकट चालवायची नाही. आमच्या वहीत महिन्याला आठ-नऊ फेऱ्या निघाल्या. तेवढ्यावर हप्तासुद्धा निघत नव्हता. शेजारच्या दोन गावांचे गट जोडले तेव्हा कुठं आकडा वीसच्या वर गेला. म्हणून सांगते, महिन्याला गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर ती घेऊ नका, भाड्यानंच आणा. उभी गाडीही हप्ता खाते.

केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ मध्ये सुरू झाली. त्यात गटाच्या सदस्य बाईला प्रवासी गाडी चालवायला समुदाय संस्थेच्या निधीतून साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची तरतूद ठेवली होती. ती सगळ्या तालुक्यांत नव्हती. आपल्या तालुक्याच्या उमेद कार्यालयात जाऊन आज काय चालू आहे ते विचारा. एजंटाला विचारू नका. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. कोटेशन घेताना तो कमी लावलाय का, तेही बघा.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चावी कुणाकडं राहणार?

मी या कामात दहा वर्षं आहे. गटाच्या कर्जातून आलेली पिठाची गिरणी, शेळ्या, रिक्षा, सगळं पाहिलंय. कर्ज बाईच्या नावावर, सही बाईची, हप्ता चुकला तर बैठकीत मान खाली बाईची. आणि आरसी बुकावर नाव मालकाचं. एका गटातली रिक्षा दिवसभर पानटपरीपुढं उभी असायची आणि आमची बाई डोक्यावर टोपलं घेऊन चालत यायची. तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, मला कुठं चालवता येते?"

तिथंच खरी गोम आहे. म्हणून आमच्या ग्रामसंघानं ठराव केला. आरसी बाईच्या किंवा संस्थेच्या नावावरच. चालवायला दोन बाया तयार, एक आजारी पडली तर दुसरी. फेऱ्यांची वही बैठकीत वाचायची. घरच्या लग्नाला गाडी नेली तरी भाडं भरायचं, अध्यक्ष असो की सचिव.

लायसनची भीती बाळगू नका. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची धंद्याची गाडीही चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय.

गाडी अजून आमच्या दारात आलेली नाही. पण दोघींचं लायसन आलंय. एक ती फोटो दाखवणारी सूनबाई, आणि दुसरी मी. पहिल्या दिवशी मी बांधावर गाडी चढवली होती, बघायला अर्धं गाव होतं. सासूबाई म्हणाल्या, "बैलगाडी हाकलीस ना? मग ही काय सोडते तुला?" चौथ्या दिवशी मी गावापासून हायवेपर्यंत नेऊन आणली.

तुमच्या गटात गाडीचा विषय निघाला तर रंगाचं शेवटी बघा. आधी तीन महिन्यांची वही लिहा, आणि एखादीला गाडी शिकायला पाठवा. आणि ज्या मावशी गप्प बसल्यात, त्यांना आधी बोलू द्या.